भूक आधी ठरवा, दात नंतर

एका नव्या लेखकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ते फँटसी साहसकादंबरी लिहीत आहेत. नायिका रेवा ही व्यापाऱ्यांच्या तांड्याची वाटाडी. डोंगरातल्या एका पडक्या गढीत तिला काहीतरी चावतं आणि ती रक्तावर जगणारा जीव होऊ लागते. चार प्रकरणं झपाट्यानं लिहून झाली. रूपांतर पुरं झालं, ताकद आली, अंधारात दिसू लागलं आणि पाचव्या प्रकरणात गाडी अडली. त्यांचं वाक्य आहे, ‘आता ती काहीही करू शकते, त्यामुळे काहीच घडत नाही.’ सोबत पाचव्या प्रकरणाची दोन पानं आणि तीन प्रश्न आहेत: नियम कोणते ठेवावेत, पहिल्यांदा रक्त पिण्याचा प्रसंग कसा लिहावा, आणि शेवटी रेवाला पुन्हा माणूस करावं का.

तुमची दोन पानं मी तीनदा वाचली. रेवा मला आवडली. तिचं जमिनीकडे बघत चालणं, माणसांपेक्षा घोड्यांशी जास्त बोलणं, हे तुम्ही मन लावून लिहिलंय. म्हणूनच चावा बसल्यावर ती हरवते तेव्हा वाईट वाटतं. तुम्ही तिला दात दिले, डोळे दिले, वेग दिला. भूक द्यायची तेवढी राहून गेली. ‘तिला रक्ताची तहान लागली’ असं वाक्य आहे, पण किती तहान, किती दिवसांनी, भागली नाही तर काय होतं, कुणाचं रक्त चालतं, यातलं काहीच ठरलेलं नाही. मी गेली वीसेक वर्षं फँटसीची हस्तलिखितं वाचते, दुरुस्त करते, स्वतःही लिहिते. रूपांतराच्या कादंबऱ्या अडतात त्या बहुतेक याच जागी. माझी पहिली कादंबरी इथेच अडली होती आणि तिची शंभर पानं मी टाकून दिली.

निसर्गात फक्त रक्तावर जगणारा एक सस्तन प्राणी खरोखर आहे, तो आधी नीट बघून घ्या. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या तीन जाती आहेत, तिन्ही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या पट्ट्यात. त्यातल्या सगळ्यात परिचित जातीचं वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम. ती रक्त शोषत नाही. झोपलेल्या जनावराच्या कातडीला बारीक काप घेते आणि वाहणारं रक्त जिभेनं चाटते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात. नाकापाशी उष्णता ओळखणारी जागा असते, त्यामुळे रक्तवाहिनी कातडीला कुठे जवळ आहे हे तिला अंधारातही कळतं. पोटभर प्यायली की अंग इतकं जड होतं की उडणं कठीण, म्हणून पिणं चालू असतानाच ती मूत्रावाटे पाणी टाकायला लागते. आणि दोन-तीन रात्री पोटात काही गेलं नाही, तर ती मरते.

तुमच्या कादंबरीला हवं आहे ते या शेवटच्या वाक्यात. दोन-तीन रात्री. रेवाच्या शरीराला अशी मुदत द्या, मग पाचवं प्रकरण आपोआप हलेल. घाट ओलांडायला पाच दिवस लागणार आणि तिच्या अंगात तीन दिवसांचाच दम आहे, एवढं वाचकाला माहीत असलं की साधी चालसुद्धा थरारक होते. तुम्हाला पाठलाग घालावा लागत नाही, दरड कोसळवावी लागत नाही.

त्याच वटवाघळांची दुसरी गोष्ट मला अजून मोलाची वाटते. उपाशी परतलेल्या वटवाघळाला ढोलीतलं दुसरं वटवाघूळ स्वतःच्या पोटातलं रक्त वर काढून भरवतं. नात्यातल्यालाच भरवतं असंही नाही, सहवासातल्यालाही भरवतं. जीवशास्त्रज्ञ जेराल्ड विल्किन्सन यांनी मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकात हे बारकाईनं पाहिलं आणि १९८४ साली प्रसिद्ध केलं. रक्तावर जगणारा जीव म्हटला की आपण एकटा, गर्विष्ठ, उंच मनोऱ्यात राहणारा कुणीतरी डोळ्यांसमोर आणतो. खऱ्या जगात रक्तावर जगणाऱ्याला एकटं राहणं परवडतच नाही. तुमच्या गढीतल्या त्या जीवानं रेवाला चावून सोडून दिलं, तर का? ती त्याला शिकार म्हणून हवी होती, की उद्या भरवणारी सोबतीण म्हणून? तुमच्या पानांत याचं उत्तर नाही, आणि माझ्या मते कादंबरीचा दुसरा अर्धा भाग याच उत्तरात आहे.

आता थोडा हिशेब करू. फँटसीत हिशेब कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. माझा अनुभव असा की जग उभं राहतं ते हिशेबानंच. जादू नंतर त्यावर शोभते. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातला मोठा भाग पाणी. एका लिटरमागे ढोबळमानानं २०० ग्रॅम ऐवज उरतो, तोही जवळजवळ सगळा प्रथिनांचा, म्हणजे फार तर ८०० कॅलरी. रेवाला दिवसाला २००० कॅलरी लागतात असं धरलं तर रोज अडीच लिटर रक्त हवं. कुणाही माणसाचं निम्मं रक्त. साधारण ४० टक्के रक्त गेलं की माणूस मरणाच्या दारात असतो, म्हणजे रोज एक जीव गेलाच म्हणायचा. कुणाला मारायचं नसेल, तर रक्तदानात घेतात तितकंच, एका वेळी ४५० मिलिलिटर घ्यावं लागेल. मग रोज पाच-सहा माणसं लागतील, आणि एकदा दिलेल्या माणसाला पुन्हा द्यायला निदान आठ आठवडे थांबावं लागेल. गुणाकार करून बघा, तीनशेच्या वर माणसं होतात.

एका रक्तपिपासू जिवामागे तीनशे माणसांचं गाव! टेकडीवर एक गढी आणि खाली अख्खं गाव, हे चित्र या प्रकारच्या कथांत पुन्हा पुन्हा का येतं, याचं एक कारण या गुणाकारातून तुम्हाला मिळतं, आणि ते धुकं-वटवाघळं-विजा यांहून कितीतरी भयंकर आहे. गावातल्या कुणाची रक्त द्यायची पाळी कधी, हे लिहून ठेवणारा कुणीतरी असेल. पाळी चुकवणारे असतील, पैसे घेऊन दुसऱ्याची पाळी देणारे असतील. आजारी माणसाला सूट द्यायची की नाही यावर भांडणं होतील. आणि गढी पडकी आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग खालचं गाव कुठे गेलं? मला वाटतं रेवानं सहाव्या प्रकरणात हाच प्रश्न विचारावा. ती वाटाडी आहे. मोडलेली वाट, बुजलेली विहीर, कुणी न कापलेलं गवत तिला आधी दिसेल.

तीनशेचा आकडा तुम्हाला गैरसोयीचा वाटला तर बदला. तिचं शरीर रक्तातून जास्त काही काढून घेतं म्हणा, ती दिवसभर थंड पडून राहते म्हणून कमी लागतं म्हणा. फक्त जे ठरवाल ते लिहून भिंतीवर लावा आणि शेवटच्या पानापर्यंत पाळा.

असाच एक हिशेब संसर्गाचा. ज्याला चावलं तो लगेच तसाच होतो, हा नियम चुकूनही ठेवू नका. एकानं महिन्याला एक जरी केला, तर दर महिन्याला संख्या दुप्पट होते आणि तेहतिसाव्या महिन्यात ती साडेआठशे कोटींच्या पुढे जाते. पृथ्वीवर तेवढी माणसं नाहीत. तेव्हा रूपांतर दुर्मीळ हवं, आणि दुर्मीळ का, त्याचं कारण कथेला उपयोगी पडेल असं हवं.

नियमांबद्दल तुम्ही विचारलंत: ऊन, लसूण, आरसा, छातीत ठोकायची खुंटी, आमंत्रणाशिवाय उंबरा न ओलांडणं, यातलं काय ठेवू? हे सगळं एकाच जुन्या पोथीतून आलेलं नाही, एवढं आधी लक्षात घ्या. लोककथांतलं रक्तपिशाच्च फिकट, सडपातळ, देखणं नव्हतं. १७२५ साली, ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या अंमलाखालच्या सर्बियातल्या किसिलोवा गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला आणि नंतर आठ दिवसांत नऊ माणसं गेली. मरणाऱ्यांनी सांगितलं की रात्री तोच येऊन गळा दाबतो. अधिकाऱ्यासमोर कबर उघडली तेव्हा जुनी कातडी सुटून खाली नवी दिसत होती, नखं नवी होती, तोंडात ताजं रक्त होतं. आज आपल्याला माहीत आहे की कुजताना वरची कातडी सुटते आणि पोटातल्या वायूंच्या दाबानं लाल द्रव तोंडाशी येतो. त्या लोकांनी जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगितलं होतं. तर मूळचा तो जीव फुगलेला, लालबुंद, कालपर्यंत शेजारी राहणारा माणूस. त्याला सरदाराचा पोशाख चढवला जॉन पॉलिडोरी या इंग्रज लेखकाच्या १८१९ च्या कथेनं. आणि ऊन लागून मरण्याचं म्हणाल, तर १८९७ च्या ‘ड्राक्युला’ या कादंबरीत रक्तपिशाच्च असलेला काउंट दिवसाढवळ्या रस्त्यावर फिरतो, त्याची शक्ती तेवढी कमी होते. पहाटेच्या उजेडानं विरून जाणं हे १९२२ च्या ‘नॉस्फेराटू’ या मूकपटातून रूढ झालं.

याचा अर्थ तुम्ही मोकळे आहात. लसूण नको असेल तर सोडा, कुणी रागावणार नाही. पण जो नियम ठेवाल तो दोन्ही बाजूंनी पकडणारा असावा. याचा सगळ्यात सुरेख नमुना आपल्या वेताळाच्या गोष्टींत आहे. राजा बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. एवढ्या एका नियमावर सगळी मालिका चालते. तिथे रक्त नाही, दात नाहीत, आणि तरी राजाची सुटका नाही. रेवासाठी असा एक नियम शोधा. उदाहरणार्थ: तिला रक्त घ्यायचं असेल तर देणाऱ्याच्या अंगाला हात लावावा लागतो, आणि हात लावला की देणाऱ्याची भीती तिच्या अंगात येते. जबरदस्तीनं घेतलं तर ती त्या माणसाच्या भीतीनं रात्रभर थरथरेल. राजीखुशीनं दिलेलंच पचेल. मग तिला विश्वास कमवावा लागेल, आणि ज्याचा विश्वास कमवावा त्याचंच रक्त प्यावं लागेल. हा नियम मी आत्ता लिहिता लिहिता सुचवला, तुम्ही तुमचा शोधा. एक पुरे, फार तर दोन. सात नियम असले की वाचक पाठांतर करत बसतो.

आता रूपांतर. तुम्ही ते एका रात्रीत उरकलंत: ताप, घाम, किंकाळी, सकाळी नवी रेवा. मी म्हणेन ते पुस्तकभर पसरा. इथे एक खरा आजार वाट दाखवू शकतो. रेबीजमध्ये चावा भरून येतो, माणूस विसरूनही जातो. मधे बहुधा दोन-तीन महिने जातात, कधी आठवडा, कधी वर्षही. मग पहिली खूण बऱ्याचदा चाव्याच्याच जागी उमटते: मुंग्या, आग, दुखणं. पुढे झोप उडते, वारा सहन होत नाही, पाणी गिळायला गेलं की घसा आवळतो. रक्तपिशाच्चांच्या कथांमागे या आजाराची आठवण असावी असं हुआन गोमेझ-अलोन्सो या स्पॅनिश मज्जासंस्थातज्ज्ञांनी १९९८ साली मांडलं होतं. ते मान्य करा न करा, कादंबरीकाराला त्यातून क्रम मिळतो. जखम भरलेली आहे, पट्टी सोडलेली आहे, तांडा पुढे निघालाय, आणि तिसऱ्या आठवड्यात रेवा चालता चालता मनगट खाजवते. वाचकाच्या काळजात तिथे धस्स होतं. किंकाळीनं तसं होत नाही.

तुमच्या पाचव्या प्रकरणाची सुरुवात अशी आहे: ‘रेवाने डोळे उघडले. तिला सारे काही लख्ख दिसत होते. तिच्या अंगात विलक्षण शक्ती संचारली होती. तिला जाणवले की ती आता पूर्वीची रेवा राहिली नव्हती.’ या चार वाक्यांत मला एकही वस्तू दिसली नाही. ‘विलक्षण’ म्हणजे केवढं, ‘शक्ती’ कशाची, काही हाताला लागत नाही. शेवटचं वाक्य तर वाचकाचं काम तुम्हीच करून टाकतं.

मी तोच टप्पा असा लिहिला असता. रक्त पिणाऱ्या वटवाघळांची गोडाची चव ओळखणारी जनुकंच निकामी झाली आहेत, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात होतं की रूपांतराची सुरुवात गोडापासून व्हावी.

‘म्हातारीनं मधाचं बुधलं पुढे केलं. रेवानं बोट बुडवून चाटलं. थांबली. पुन्हा बुडवलं.
“खराब झालाय,” ती म्हणाली.
म्हातारीनं स्वतः चाखून पाहिला. मग ती बराच वेळ रेवाकडे पाहत राहिली आणि बुधल्याला झाकण लावलं.
“झाला असेल,” म्हणाली.
मध खराब होत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.’

शक्ती नाही, लख्ख दिसणं नाही. एक चव गेली, आणि ती गेल्याचं दुसऱ्या कुणाला तरी कळलं. आता म्हातारी गप्प का राहिली हा प्रश्न घेऊन वाचक पान उलटेल. शक्ती याच्या नंतर येऊ द्या, आणि प्रत्येक शक्ती काहीतरी हिरावूनच येऊ द्या. कान तीक्ष्ण झाले तर गर्दीत झोप नाही. ऊब दिसायला लागली तर प्रत्येक माणूस आधी ऊब म्हणून दिसेल, चेहरा नंतर. रेवा पायाच्या ठशांवरून माग काढते. तिला वासावरून माग काढता आला की ती ठसे बघायचं सोडेल, आणि एक दिवस नदीनं वास धुवून नेला की तिच्या हातात जुनी विद्याही उरलेली नसेल. हा प्रसंग तेराव्या-चौदाव्या प्रकरणात छान बसेल.

पहिल्यांदा रक्त पिण्याचा प्रसंग. या जागी बहुतेक लेखक एक पळवाट काढतात: वाटेत दरोडेखोर येतो, तो इतका नीच असतो की त्याचं रक्त प्यायलं तरी कुणाला वाईट वाटत नाही. तुमच्याही आराखड्यात ‘दरोडेखोराचा हल्ला’ आहे. तो काढा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पहिल्या घोटाला किंमत पडली नाही तर पुढच्या कुठल्याच घोटाला पडणार नाही. मी तिच्या घोडीकडे बघेन. सात वर्षं रेवानं जिचा लगाम धरला ती घोडी. घोड्याच्या अंगात चाळीसेक लिटर रक्त असतं, दीड-दोन लिटर गेलं तर तो मरत नाही. म्हणजे प्रसंगात मृत्यू नाही. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला तीस-चाळीसच ठोके पडते, माणसाच्या जवळजवळ निम्मी. रेवाला आता ते ऐकू येतं. अंधारात ती मानेशी उभी आहे, एक ठोका पडतो, मग मोठी शांतता, मग दुसरा. ती स्वतःला सांगते, दहा मोजून निघून जाईन. दहा होतात. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते. घोडी हलत नाही, कारण रेवाचा वास तिला ओळखीचा आहे. तुम्हाला दात, लचका, रक्ताचा फवारा काही लिहायची गरज नाही. मोजणं थांबलं एवढंच लिहा.

आणि सकाळी घोडी तिला जवळ येऊ देत नाही. कान मागे, डोळ्यांतलं पांढरं दिसतंय, दोर ताणून धरलाय. सगळा तांडा बघतोय. वाटाडीला तिचं स्वतःचं जनावर बिचकतं याचा अर्थ त्या माणसांना लगेच कळतो. एका घोटात तिचा धंदा गेला, पत गेली, आणि साहसकथा पुढे सरकली.

भाषेचं थोडं सांगते, कारण इथे मराठीनं तुम्हाला एक हत्यार दिलंय आणि तुम्ही ते वापरलेलं नाही. आपल्याकडे तीन लिंगं आहेत. रेवा ‘ती’ आहे. तांड्यातलं पहिलं माणूस तिला ‘ते’ म्हणेल तो क्षण शोधून काढा. ‘ती आली’च्या जागी ‘ते आलं’. लहान पोरगा धावत येऊन सांगतो, “ती परत आली!” आणि त्याचा बाप दाराआडून दबक्या आवाजात विचारतो, “ते एकटंच आहे का?” पोरगा गोंधळतो. रेवानं हे ऐकलेलं असतं, कारण तिला आता सगळंच ऐकू येतं. माझ्या मते अख्ख्या कादंबरीतला सगळ्यात क्रूर प्रसंग हा होऊ शकतो. निवेदनात मात्र तुम्ही शेवटपर्यंत ‘ती’च ठेवा. लेखकानं तरी तिला सोडू नये.

‘पिशाच्च’, ‘सैतान’, ‘रक्तपिपासू’ हे शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाले आहेत, वाचकाच्या मनात तयार चित्र उभं करतात. तुमच्या जगातल्या लोकांनी या जिवांना स्वतःचं नाव दिलेलं असणार, आणि भीतीपोटी आडवळणानं दिलेलं असणार. तहानलेल्याला जुना शब्द आहे, तान्हेला. डोंगरातली माणसं त्यांना ‘तान्हेले’ म्हणत असतील तर? त्या शब्दात तान्हं मूलही ऐकू येतं. नुकताच बदललेला जीव, सारखा भुकेला, दुसऱ्यानं भरवल्याशिवाय न जगणारा. वटवाघळांचं भरवणं इथे जोडून बघा.

खलनायकाबद्दल फार लिहीत नाही. गढीतला तो जीव जुना असेल तर त्याला तुमचा नियम सगळ्यात चांगला माहीत असेल आणि त्यातली एकुलती एक फट त्यानं शोधलेली असेल. एवढं पुरतं. त्याला लांबलचक भाषणं देऊ नका.

शेवटी तिला पुन्हा माणूस करावं का? तुमचा कल ‘हो’कडे आहे असं दिसतं, आराखड्यात डोंगरापलीकडच्या झऱ्याचं औषध आहे. मला ते पटत नाही. चारशे पानं वाचकानं रेवाबरोबर तहान सोसली आणि एका ओंजळीनं ती पुसली गेली, तर त्याला फसल्यासारखं वाटेल. पण उपायाचा शोध मात्र ठेवा, साहसाला दिशा त्यानंच मिळते. इथे १७३२ च्या एका अहवालातली हकीकत तुम्हाला देते. हॅब्सबर्ग सैन्याचे शल्यवैद्य योहान फ्ल्युकिंगर यांनी सर्बियातल्या मेदवेजा गावी जाऊन तो लिहिला. तिथला आर्नोल्ड पाओले हा माणूस जिवंतपणी सांगायचा की मला एका रक्तपिशाच्चानं छळलं होतं, पण मी त्याच्या कबरीतली माती खाल्ली, त्याचं रक्त अंगाला फासलं आणि सुटलो. पुढे तो गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला. आणि त्यानंतर महिनाभरातच लोक म्हणू लागले की तो रात्री येतो. चाळिसेक दिवसांनी त्याला उकरून खुंटी मारली. त्यानं जनावरांचंही रक्त प्यायलं होतं आणि त्या जनावरांचं मांस ज्यांनी खाल्लं त्यांच्यातही ते पिशाच्चपण शिरलं, असं गावकऱ्यांचं म्हणणं त्या अहवालात आहे.

पाओलेला आपण बरे झालो असं मनापासून वाटत होतं. तो गावात राहिला, शेतात राबला, गवत भरलं. त्याचा उपाय लागू पडला होता, जिवंत होता तोवर. रेवाला झऱ्याचं पाणी असंच लागू पडू द्या. तहान जाते, मधाची गोडी परत येते, घोडी हळूहळू हातातून खायला लागते. म्हातारीला मात्र ठाऊक आहे की हे रेवाच्या हयातीपुरतंच आहे, आणि एक दिवस ती रेवाला बाजूला घेऊन विचारते की तू गेल्यावर आम्ही काय करायचं ते तू स्वतःच सांगून ठेव. त्या वेळी तो पोरगाही तिथे असावा, आता मोठा झालेला, तिच्याकडून वाटा शिकलेला. खुंटी कोण मारणार, हे तिला त्याच्याकडे बघून ठरवायचं आहे. हे प्रकरण आधी लिहून काढा, मग पाचव्याकडे परत या.